सुई सरळच होती

हे प्रकरण आमच्या बुधवारच्या विणकामाच्या टोळक्याचं आहे आणि त्यातली मुख्य चूक माझी आहे. म्हणून ते लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. नावं कुणाचीच देत नाही, एकमेकांना ज्या हाका मारतो त्याच ठेवते: आक्का, भाभी, टर्नरकाका, धाकटी. मी म्हणजे ‘बाई’. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला पेठेत दुसरी हाक मिळत नाही.

आम्ही अकराजण. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका तरुण मंडळाची खोली दर बुधवारी दुपारी ३ ते ५ आमची. भिंतभर फुटबॉलच्या ढाली, कोपऱ्यात ढोल, गणपतीच्या मखराचे लाकडी सांगाडे आणि मधल्या सतरंजीवर आम्ही. पोरांनी किल्लीच देऊन टाकली आहे. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की मात्र बुधवार रद्द, कारण त्या दंग्यात टाके मोजता येत नाहीत आणि टर्नरकाका तसेही येत नाहीत.

टोळकं जमलं कसं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. पुढचं कोल्हापूरकराला सांगायला नको. पाणी उतरल्यावर गावोगावहून मदतीचे ट्रक आले आणि त्यांत जुन्या कपड्यांचे डोंगर. ते निवडायला आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. लग्नातले कोट, एकाच पायाचे मोजे, कोपरावर फाटलेले स्वेटर. ज्यांचं घरदार चिखलात गेलंय त्यांनी हे काय करायचं, असं प्रत्येकीच्या मनात होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

तिथं एक साठीची बाई स्वेटरांच्या ढिगापाशी मांडी घालून बसली होती. तिने एका स्वेटरची शिवण कात्रीने कापली, गळ्यापाशी बंद टाक्यांचं टोक शोधलं आणि ओढायला लागली. बघता बघता स्वेटर खाली गेला आणि मांडीवर लोकरीची रास झाली. ती आक्का. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि दांडीला टांगून खाली वजन द्यायचं, म्हणजे वळ्या जातात. वजन म्हणून तिने पाण्याने भरलेला तांब्या अडकवला होता. यंत्राच्या कापडातून बेतून शिवलेला स्वेटर उसवू नये, त्याचे वीतवीतभर तुकडेच हाती येतात, हेही तिनेच दाखवलं. त्या पंधरवड्यात आमच्या ओळखी झाल्या त्या उसवता उसवता. विणणं नंतर आलं.

विणायचं कुणासाठी, यावर फार वाद झाला नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून जिल्ह्यात येतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात, माणसाला त्याच्या हत्याराचंच नाव. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्या, अंधार असतानाच फडात जायचं, आणि पोरं बांधावर दवात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात त्या पोरांची डोकी उघडी बघितली की हात आपोआप सुयांकडे जातो. म्हणून टोप्या, हात नसलेल्या बंड्या, थोडे स्वेटर.

एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी सगळं ॲक्रेलिकचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं विणलं, स्वस्त आणि धुवायला सोपं म्हणून. पण कोपीत तीन दगडांची चूल पोराच्या अंगाला लागून असते. ॲक्रेलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही, करपते आणि विझते. मात्र ती गरम पाण्यात आपटून धुतली तर आटून नमद्यासारखी घट्ट होते, आणि नळावर कपडे आपटणाऱ्या बाईला ‘हे गार पाण्यात हलक्या हाताने धुवा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हा तोड अशी निघाली: अंगात घालायचं ते लोकरीचं आणि मापाला दोन बोटं मोठं. टोप्या ॲक्रेलिकच्या चालवून घेतो, कारण टोपी झटक्यात ओढून काढता येते. भाभीला हे अजून पटलेलं नाही. दुकानदाराच्या शब्दावर ती जात नाही, टोकाला काडी लावून बघते. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, काळा कडक मणी झाला तर ॲक्रेलिक.

काय घडलं

आक्का आता अडुसष्ट वर्षांची. साखरेचा आजार सोळा वर्षांचा. नवरा वारला, मुलगा पुण्यात नोकरीला. घरी एकटी, पण एकटी आहे असं वाटू देणारी नव्हे.

गणपतीच्या आधीच्या बुधवारी ती सुयांची जोडी माझ्यापुढे टाकून म्हणाली, “बाई, ह्या सुया वाकड्या निघाल्या बघ. नव्या घेऊन येतो मी.” (आमच्याकडे बायका ‘येतो-जातो’च म्हणतात, पुण्याच्या सुनांना पहिली दोन वर्षं याचं हसू येतं.) मी सुया उचलून बघितल्या. दहा नंबरच्या साध्या ॲल्युमिनियमच्या. मला काही वाकडं दिसलं नाही. पण आक्काला कुणी उलट बोलत नाही. महाद्वार रोडला जाऊन तिने नव्या आणल्या. पुढच्या आठवड्यात त्याही वाकड्या. मग बांबूच्या आणल्या, तर म्हणाली, “बांबू तो बांबूच, दमट हवेनं वाकणारच.” आम्ही हसलो. आक्काच्या सुया हा त्या महिन्याचा विनोदच होऊन बसला.

त्याच सुमारास तिच्या टोप्या बिघडायला लागल्या. आमची नेहमीची टोपी साधी असते: ९८ टाके, दोन सुलट दोन उलट, बारा सेंटिमीटर सरळ विणून मग टाळूला घटवायचे, शेवटी शिवण. या विणीत एक टाका सुटला किंवा दोन चुकून एकत्र विणले गेले की लपत नाही. सुलटाच्या रांगेवर उलट येतो आणि पुढचे सगळे खांब एका घराने सरकतात. आक्काची पहिली टोपी मी मोजली तेव्हा ९५ टाके निघाले. दुसरीत १०१. दोन्हींत चूक मधोमध. कडांचे टाके तिचे नेहमीसारखे, सुईने आखल्यासारखे.

वही माझ्याकडे असते, माल मोजून पिशव्या भरणं माझ्याकडे. म्हणजे हे फक्त मला दिसलं. आणि मी ते घरी नेऊन रात्री उसवलं, परत विणलं, पुढच्या बुधवारी वहीत ‘आक्का – टोप्या २’ असं लिहिलं. तिला कळू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तेच. गणपती, नवरात्र, दिवाळी. नऊ टोप्या आणि एक बंडी मी अशी चोरून परत विणली.

मी असं का केलं, तर २०२१ च्या मे महिन्यात माझे मिस्टर कोरोनाने गेले तेव्हा घरी कुणी येण्यासारखे दिवस नव्हते. आक्का यायची. तोंडाला पदर, पायरीवर बसायची, दाराच्या आत मी. ती विणायची. ‘सगळं ठीक होईल’ वगैरे एकदाही म्हणाली नाही. तासाभराने उठताना म्हणायची, “भात टाक आता.” मी टाकायचे. अशा बाईला ‘तुझा टाका चुकलाय’ हे कसं सांगायचं? वय झालंय, चालायचंच, आपण सांभाळून घेऊ. मला ते प्रेमच वाटत होतं.

मधल्या काळात एका शिबिरात तिने डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. डोळ्यात औषध घालून आतला पडदा कुणी बघितला नाही. नवा चष्मा आल्यावर ती दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, दाराची चौकटसुद्धा जरा फुगल्यासारखी दिसतेय, सुताराला बोलवायला पाहिजे.

टर्नरकाका

काका विणत नाहीत. उद्यमनगरात उभं आयुष्य लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर गेलं. बायकोला सोडायला यायचे, ती गेल्यावरही यायचे थांबले नाहीत. आमच्या सुयांची टोकं घासून देणं, लडी धरायला दोन हात पुढे करणं आणि चहा सांगणं ही त्यांची कामं. खिशात अजून व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन, असतो. कशासाठी, विचारू नये.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी आक्का चौथ्या जोडीला नावं ठेवत होती. काकांनी ती जोडी तिच्या हातून घेतली. खोलीत एक जुना आरसा आहे, पोरं भांग पाडतात तो. काकांनी तो भिंतीवरून काढून सतरंजीवर आडवा ठेवला, काचेवर सुई ठेवली आणि बोटाने हलकी ढकलली. सुई गडगडत सरळ दुसऱ्या टोकाला गेली. वाकडी सुई काचेवर लंगडत जाते, मध्ये उजेडाची फट दिसते. ही नुसती घरंगळली. काकांनी दुसरी सोडली. तीही तशीच. मग आक्काच्या पिशवीतल्या आधीच्या तिन्ही जोड्या एकेक करून सोडल्या. खोलीत तेवढाच आवाज.

“आक्का, सुई सरळ आहे,” काका म्हणाले. “आठही सरळ आहेत.”

“मग मला वाकडी का दिसतीय?”

“तेच म्हणतोय मी.”

धाकटी नर्सिंग शिकते. ती उठून आक्कापुढे बसली, उजवा डोळा झाकायला लावला आणि ढालीच्या चौकटीकडे बघायला सांगितलं. सरळ. मग डावा झाकला. आक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मधनं वाकलीय. आणि मधी जरा धुरकट.”

मला तेव्हा घाम फुटला. सगळ्यांसमोर मी टोप्यांचं सांगून टाकलं. नऊ टोप्या, एक बंडी. आक्का माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं रागावेल. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे गणपतीपासनं तुला ठाऊक हुतं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

निदान

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे. साखरेने डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि पडद्याच्या मधोमध, जिथे बारीक काम दिसतं, तिथे सूज येते. म्हणून कडेचं सगळं ठीक, मधलं वाकडं. म्हणूनच टोप्यांच्या कडा अचूक आणि चुका मधोमध, असं मी मनाशी जुळवून टाकलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तसं नाही, नजर कडेवर नेली की कडही मधेच येते. कडेचा टाका तिच्या बोटांना पाठ होता, एवढंच. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याचं झाकतो, म्हणून रोगी महिनोन् महिने चालवून नेतो. (चांगल्या डोळ्याने झाकायचं हे ऐकताना मी खाली बघत होते.) साखर असलेल्या माणसाने दिसत चांगलं असलं तरी वर्षातून एकदा औषध घालून पडदा तपासून घ्यायचा असतो. आक्काने सोळा वर्षांत दोनदा केलं होतं.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, सुरुवातीला महिन्याला एक, आणि मध्ये पडद्याचं स्कॅनिंग. आधी आला असतात तर नजर जास्त परत मिळाली असती, असं डॉक्टर म्हणाले. साधं, न ओरडता. त्यांनी एक कागद दिला, दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच मिलिमीटरच्या घरांची जाळी आणि मधोमध ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकल्या किंवा कुठे जाळी गायब झाली तर लगेच यायचं. आक्का कागद उलटसुलट करून म्हणाली, “हा तर नमुना काढायचा कागद की.” तिच्या ट्रंकेत असे पन्नास आहेत, मोर आणि बदामांचे.

पैशांचा प्रश्न

इथे आमचं पहिल्यांदा खरं भांडण झालं. लोकरीसाठी लोकांनी दिलेले पैसे माझ्याकडे होते. दोघीतिघी म्हणाल्या, आधी आक्काचं इंजेक्शन, टोप्या होतील नंतर. भाभी ठाम नाही म्हणाली. “पोरांच्या नावानं आणलेला पैसा आपल्या माणसावर घातला तर उद्या हात पसरायला तोंड राहणार नाही.” दोन्ही बाजूंनी आवाज चढले. भाभीला कुणीतरी ‘तुझं काय जातंय’ म्हणालं. तो शब्द अजून थोडा रुतून बसलाय. पण भाभीचंच बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

शेवटी भिशी काढली. अकराजणांची, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी टाकून नंबर. आणि इथे मी दुसऱ्यांदा तीच चूक करायला निघाले. घरी बसून अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर आक्काचं नाव लिहिलं. डबा हातात घेऊन आले तर काकांनी झाकण उघडून एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी. मला बाजूला घेतलं.

“बाई, परत उसवून विणायलायस काय?”

चिठ्ठ्या फाडल्या. सतरंजीवर सरळ विचारलं, पहिला नंबर कुणाला लागतोय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आक्का म्हणाली, “मला पाहिजे. पण भाभीच्या पोरीची फी भरायचीय ह्या महिन्यात. तिला पहिला द्या, मला दुसरा. डोळ्यातल्या पहिल्या सुईला पैसे माझ्याकडं आहेत.” भाभीच्या फीचं आम्हा कुणाला माहीत नव्हतं. आक्काला होतं.

मुलाला कळवायचं की नाही, हेही तिलाच विचारलं. तिने फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलली. तो शनिवारी आला, दोन इंजेक्शनांना तो सोबत होता, बाकीची आम्ही वाटून घेतली.

वाटणी

सोबत म्हणजे मोठं काही नसतं. डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घातलं की पुढचे काही तास जवळचं दिसत नाही आणि उन्हाने डोळे दिपतात. म्हणून एकीने रिक्षात बसायचं, छत्री धरायची. मंडळातला एक पोरगा रिक्षा चालवतो, तो पैसे घेत नव्हता. आक्काने पहिल्याच दिवशी मीटर टाकायला लावला. भाभीच्या घरून भाकरी, कारण आक्काने चुलीसमोर उभं राहू नये. ‘गॅससमोर’ म्हणायला हवं, पण पेठेत अजून चूलच म्हणतात. धाकटीने थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून दिल्या.

अवघड होतं ते विणणं काढून घेतलेल्या बाईला बुधवारी काय द्यायचं, हे. पहिले दोन बुधवार ती आली आणि हात मांडीवर ठेवून बसली. ते हात बघवत नव्हते. तिसऱ्या बुधवारी काकांनी दोन हात पुढे करून लडी ताणून धरली आणि आक्काने गुंडा करायला घेतला. त्याला डोळा लागत नाही. महिन्याभरात आमच्या सगळ्या लडींचे गुंडे झाले, गोल, एकसारखे. मग पाच नंबरच्या जाड सुया, फिक्क्या पिवळ्या रंगाची जाड लोकर आणि नुसत्या सुलट टाक्यांचे चौकोन, बोटांनी मोजायचे. काळी आणि गडद निळी लोकर तिच्यापुढून काढली. तिने ते बघितलं आणि म्हणाली, “लपवू नका, सांगा काळी देत नाही म्हणून.” ते चौकोन जोडून चार पांघरुणं झाली.

आम्ही एक पद्धतही बदलली. आता प्रत्येकीचं काम दुसरी मोजते, पण विणणारी समोर बसलेली असताना आणि मोठ्याने. एकीला हे अपमानाचं वाटलं, ती यायची बंद झाली. दोनदा घरी जाऊन आले. चहा दिला, पण परत आली नाही. भिशीचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता पाठवते.

चौथ्या इंजेक्शननंतर सूज बरीच उतरली. उजव्या डोळ्याने दाराची चौकट आता सरळ दिसते, मधला धुरकटपणा थोडा राहिला आहे आणि तो राहील असं सांगितलंय. सुताराला बोलवावं लागलं नाही. ढालींच्या शेजारी आता जाळीचा कागद चिकटवला आहे आणि आल्या आल्या सगळे एकेक डोळा झाकून बघतात. मंडळाची पोरंसुद्धा.

फेब्रुवारीत आक्काने पहिल्यांदा पुन्हा दहा नंबरच्या सुया घेतल्या. आठवडाभराने टोपी माझ्यापुढे ठेवली. मी मोजायला लागले, मोठ्याने. सत्त्याण्णव.

“आक्का, सातव्या ओळीत टाका सुटलाय.”

“कुठं? दाव.”

मी तिचं बोट धरून तिथं नेलं. तिने नखाने सुटलेलं घर चाचपलं, टोपी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, मग दुसरा.

“हाय की,” ती म्हणाली. “धर गुंडा. उसवतो मी.”